झाकण

आईचा कॅम्पर ईलीच्या माणसाला विकून झाला होता,
फक्त पोचवायचा होता.
बर्निस म्हणाली, हमरस्त्याने जाऊ, एका दिवसाचं काम.
मी म्हटलं, आई कधी सरळ गेली?
अकरा वर्षांत आम्हा बहिणींतलं
हे सगळ्यात लांब बोलणं.

डेथ व्हॅलीत उतरताना ब्रेक जळल्याचा वास आला,
कानांना दडे बसले.
तळाशी पोचल्यावर समुद्रसपाटीची पाटी दिसली,
कड्यावर, डोक्याच्या कितीतरी वर,
म्हणजे आम्ही उभ्या होतो
एका नसलेल्या समुद्राच्या बुडाशी.
मीठ. मिठाच्या पापुद्र्याखाली मीठ.
चाललं की पायाखाली पापड मोडल्यासारखं.

दुपारी फ्रिजने मान टाकली.
बर्निसने माझ्याकडे असं पाहिलं,
जणू तो सूर्य मीच तिथे टांगला होता.
लोणी दारातून ओघळत फरशीवर आलं
आणि आम्ही दोघी गुडघ्यांवर,
एकच फडकं,
ती तिच्या बाजूने, मी माझ्या,
मध्ये कुठेतरी बोटं लागली. दोघींनी मागे घेतली.

तेव्हा सिंकखाली बरणी सापडली.
रिकामी, घट्ट लावलेली, चिकटपट्टीवर आईचं अक्षर:
बॅडवॉटर, मार्च. वर गेल्यावर उघडणे.
खाली हवा जड असते, ती सांगायची,
तिलाही एकदा डोंगर दाखवावा.
दरवर्षी एक बरणी. दरवर्षी झाकणावरून आमची मारामारी.
या मार्चनंतर मात्र ती वर गेली नाही.
म्हणजे तशी गेली,
पण बरणी न घेता.

टाकून दे, बर्निस म्हणाली, आत काय आहे?
मी ती लोकरी मोज्यात घातली.

टोनोपाहला पंपावर ट्रूडी नावाची बाई,
कानामागे पेन्सिल, पायात दोन वेगळे बूट.
टाकी गळ्यापर्यंत भरा म्हणाली,
पुढे दीडशे मैल माझ्यासारखं कुणी भेटणार नाही.
खरंच नाही भेटलं.
एक घोडा. एक गादी, कुंपणावर वाळत घातलेली.
दरी, मग डोंगर, मग दरी,
कुणी चादर झटकता झटकता मध्येच थांबावं तसा देश.
बर्निस चालवत होती. मी बडीशेपेच्या गोळ्या देत होते,
ती न बघता हात पुढे करत होती.

ईली आली.
चर्चमागची तिसरी गल्ली, हिरवं फाटक,
मेंढपाळांच्या घरातला तो म्हातारा एचेवेरी
चेक लिहून बसला असणार.
डावीकडे, मी म्हटलं.
बर्निसने डावीकडे वळवलं नाही.
तिसरी गल्ली गेली, शाळा गेली, गाव गेलं.
मी काही बोलले नाही. आणखी एक गोळी दिली.

ग्रेट बेसिनच्या घाटात कॅम्पर धापा टाकत चढला.
वर, जूनमध्ये, सावलीत बर्फ मळक्या मेंढरांसारखा बसलेला.
वेफर्सचं पाकीट फुगून उशी झालेलं.
आणि ती झाडं, हजारो वर्षांची,
खोड जवळजवळ सगळं मेलेलं,
एका बाजूने सालीची हातभर रुंद पट्टी,
तेवढ्यावर हिरवी.
बर्निस एकीपाशी बराच वेळ उभी राहिली.
मग म्हणाली, आण ती.

मोज्यातून काढली तर झाकण फुगून वर आलेलं,
आतून कुणी अंगठा लावल्यासारखं.
तू उघड, ती म्हणाली.
नाही, तू.
शेवटी तिने बरणी धरली, मी पिळलं.
फुस्स.
इतकंच. मांजर शिंकावं इतकं.
मला कसलाच वास आला नाही.
मिठाचा आला, बर्निस म्हणाली.
मी वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवशी एचेवेरीने टायरांवर लाथ मारून पाहिली,
दारं उघडली, मिटली,
कुबडी टेकून वाकला.
फ्रिज चालतो का? त्याने विचारलं.

चालतो, आम्ही म्हटलं,
दोघी, एकदम.